उपकेंद्रातील वेळ मायक्रोसेकंदापर्यंत जुळवताना

पुण्याच्या आसपास लोणीकंद, चाकण आणि जेजुरी येथे ४०० केव्हीची उपकेंद्रे आहेत आणि त्यांच्या खाली २२० व १३२ केव्हीच्या उपकेंद्रांचे दाट जाळे आहे. यांपैकी बहुतेक ठिकाणी कंट्रोल रूमच्या भिंतीवर लाल आकड्यांचे मोठे घड्याळ लावलेले असते आणि वेळेच्या जुळणीचा विषय निघाला की बोट त्याच्याकडेच जाते. भिंतीवरचे घड्याळ बरोबर असणे आणि रिलेने (बिघाड ओळखून वाहिनी तोडायला लावणाऱ्या संरक्षक उपकरणाने) घेतलेल्या प्रत्येक नमुन्यावर बसलेला वेळेचा शिक्का बरोबर असणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरीची खात्री देता येत नाही. प्रस्तुत मार्गदर्शिका दुसऱ्या गोष्टीविषयी आहे. ती टेस्टिंग विभागातील अभियंते, उभारणीचे काम करणारे कंत्राटदार आणि या क्षेत्रात नव्याने येणारे पदवीधर यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

अचूकता किती हवी, हे आधी ठरवावे

वेळेची यंत्रणा मागवताना "जीपीएस क्लॉक, एक नग" एवढेच लिहिण्याची पद्धत रूढ आहे आणि पुढील बहुतेक अडचणी तेथूनच सुरू होतात. खरेदीचा कागद लिहिण्यापूर्वी उपकेंद्रातील प्रत्येक उपकरणाला किती अचूक वेळ लागते, याचा तक्ता करावा.

हिशेबाचा पाया सोपा आहे. आपली वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. त्यात ३६० अंश असल्यामुळे एका अंशाला सुमारे ५५.६ मायक्रोसेकंद लागतात. उलट बाजूने पाहिल्यास घड्याळातील एका मायक्रोसेकंदाची चूक कोनाच्या मोजमापात ०.०१८ अंशाची चूक निर्माण करते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी समकालिक झाले. तेव्हापासून देशभर एकच वारंवारता चालते, त्यामुळे पुण्यातील व्होल्टेजचा कोन शेकडो किलोमीटर दूरच्या उपकेंद्रातील कोनाशी ताडून पाहण्याला अर्थ आला. ही तुलना दोन्ही ठिकाणची घड्याळे जुळलेली असतील तरच खरी ठरते.

हेच काम करणाऱ्या फेजर मोजणी उपकरणांसाठी, म्हणजे पीएमयूसाठी, आयईईई सी ३७.११८ या मानकाने स्थिर अवस्थेतील एकूण सदिश त्रुटीची मर्यादा १ टक्का ठेवली आहे. परिमाणात काहीही चूक नाही आणि संपूर्ण त्रुटी कोनाचीच आहे असे धरले, तर १ टक्का म्हणजे ०.५७ अंश आणि ५० हर्ट्झवर सुमारे ३२ मायक्रोसेकंद होतात. हा आकडा पाहून "तीस मायक्रोसेकंद चालतील" असा निष्कर्ष काढू नये. त्याच १ टक्क्यात मोजणी करणाऱ्या परिपथाची चूकही मावायची असते, आणि सीटी-पीटीची, म्हणजे मोजणीसाठी प्रवाह व व्होल्टेज लहान करून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांची, चूक तर त्याच्याही बाहेरची असते. त्यामुळे घड्याळाच्या वाट्याला एक मायक्रोसेकंद ठेवणेच शहाणपणाचे आहे.

प्रोसेस बस, म्हणजे यार्डातील मोजमापे रिलेपर्यंत नेणारे इथरनेट जाळे, असलेल्या उपकेंद्रात गरज आणखी थेट असते. तेथे मर्जिंग युनिट विद्युतप्रवाह आणि व्होल्टेज यांचे प्रति आवर्तन ८० नमुने, म्हणजे सेकंदाला ४,००० नमुने, इथरनेटवर पाठवते आणि दोन नमुन्यांमध्ये २५० मायक्रोसेकंदांचे अंतर असते. नमुन्यांचा क्रमांक प्रत्येक सेकंदाच्या आरंभी शून्यावर येतो. दोन मर्जिंग युनिटांचा "सेकंदाचा आरंभ" वेगळा असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या डिफरेन्शियल रिलेला दोन बाजूंच्या प्रवाहांत नसलेला फरक दिसू लागतो. येथे वेळेची चूक म्हणजे संरक्षणाची चूक असते; म्हणून या भागासाठीही एक मायक्रोसेकंदाचीच मर्यादा धरावी.

प्रवासी तरंगांवरून वाहिनीतील दोष शोधणाऱ्या उपकरणांचे गणित तर अगदी जमिनीवर उतरून पाहता येते. ओव्हरहेड वाहिनीवर तरंग जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावतो, म्हणजे एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर. दोन्ही टोकांवरील आगमनवेळांच्या फरकाला दोनाने भागून दोषाचे स्थान निघत असल्यामुळे एका मायक्रोसेकंदाच्या चुकीने ते १५० मीटरने सरकते. दहा मायक्रोसेकंदांची चूक झाली की दीड किलोमीटर. पावसाळ्यात घाटातून पायी गस्त घालणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक काही टॉवरांचा आहे.

बाकीच्यांची भूक लहान असते. घटनाक्रमाच्या नोंदींना एक मिलिसेकंद पुरतो. ऊर्जा मीटरची नोंद पंधरा मिनिटांच्या खंडांत होत असल्यामुळे त्यांना एखाद्या सेकंदाने बिघडत नाही. वाहिनीच्या डिफरेन्शियल संरक्षणात बहुधा दोन्ही टोकांचे रिले संपर्क-मार्गावरूनच प्रतिध्वनीच्या पद्धतीने, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागलेला वेळ निम्मा करून, वेळ जुळवतात आणि तेथे बाहेरच्या घड्याळाची गरज पडत नाही. मात्र जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगळा असेल, तर दोन विलंबांतील फरकाच्या निम्मी चूक होते. फरक २ मिलिसेकंदांचा असल्यास १ मिलिसेकंद, म्हणजे तब्बल १८ अंश. अशा मार्गावर उपग्रहाची वेळ घेणे किंवा मार्ग सममित करून घेणे, यांपैकी एक करावेच लागते.

एक मिलिसेकंदाची गरज किरकोळ वाटत असेल, तर १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात झालेल्या वीजखंडाची चौकशी आठवावी. अनेक ठिकाणच्या नोंदींवरील वेळा एकमेकींशी जुळत नसल्याने, कोणती वाहिनी आधी ट्रिप झाली हे ठरवण्यासाठी तपास करणाऱ्यांना नोंदी हाताने सरकवून एकमेकींवर बसवाव्या लागल्या होत्या. पुढे तेथील नियमांत या नोंदी जागतिक वेळेच्या २ मिलिसेकंदांच्या आत असाव्यात अशी अट आली.

अँटेना

संपूर्ण यंत्रणेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग गच्चीवर असतो. जीपीएस उपग्रहांच्या कक्षांचा कल ५५ अंश असल्यामुळे पुण्याच्या अक्षांशावरून पाहताना उत्तरेकडील खालच्या आकाशात उपग्रह येतच नाहीत. नाविक या भारतीय प्रणालीचे उपग्रह तर विषुववृत्ताच्या आसपासच फिरत असल्याने आपल्याला मुख्यतः दक्षिणेकडे दिसतात. म्हणून अडथळा टाळता येत नसेल, तर तो अँटेनाच्या उत्तरेला राहील अशी जागा निवडावी आणि दक्षिण, पूर्व व पश्चिम दिशा मोकळ्या ठेवाव्यात. पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि नंतर कोणीतरी बसवलेले सोलर पॅनेल हे नेहमीचे अडथळे आहेत. अँटेना वीजनिवारक दांड्याच्या संरक्षण-क्षेत्रात असावी, गच्चीवरील सर्वांत उंच वस्तू ती स्वतः असू नये, आणि केबल इमारतीत शिरते तेथे सर्ज अरेस्टर बसवून त्याचे अर्थिंग जवळच्या अर्थ पट्टीला जोडावे. एप्रिल-मे महिन्यांतील वळिवाच्या पावसासोबत येणाऱ्या विजा या भागाला नव्या नाहीत, आणि अरेस्टरविना बसवलेला रिसीव्हर एकाच गडगडाटात निकामी होऊ शकतो.

केबलमधील विलंब घड्याळात भरणे हे दोन मिनिटांचे काम आहे, तरीही ते राहून गेलेले वारंवार आढळते. आरजी-५८ प्रकारच्या केबलमध्ये संकेत प्रकाशाच्या सुमारे ६६ टक्के वेगाने जातो, म्हणजे दर मीटरला ५ नॅनोसेकंद लागतात. गच्चीपासून पॅनेलपर्यंत ६० मीटर केबल असेल, तर ३०० नॅनोसेकंदांचा विलंब होतो. पुढे दिसेल की जाळ्यातील सर्व उपकरणांना वेळ देणाऱ्या ग्रँडमास्टर घड्याळाला एकूण मुभाच २५० नॅनोसेकंदांची आहे. म्हणजे न भरलेला हा एक आकडा ती सगळी मुभा खाऊन वर उरतो. कमी क्षयाची, जाड केबल वापरल्यास विलंब दर मीटरला ४ नॅनोसेकंदांच्या आसपास येतो. केबलची लांबी नकाशावरून घेऊ नये, प्रत्यक्ष टाकलेली मोजावी आणि गुंडाळून ठेवलेले वेटोळेही त्यात धरावे.

वेळेसाठी बनवलेला रिसीव्हर आधी काही तास स्वतःचे स्थान निश्चित करतो आणि मग ते स्थिर धरून फक्त वेळ काढतो. नंतर गच्चीच्या दुरुस्तीसाठी अँटेना उचलून तीस मीटर पलीकडे लावली आणि स्थान नव्याने ठरवून घेतले नाही, तर शंभर नॅनोसेकंदांपर्यंतची चूक शांतपणे आत शिरते. घड्याळाचा हिरवा दिवा तरीही चालूच राहतो.

उपग्रहांवर एकाच प्रणालीचा भरवसा ठेवू नये. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना झालेल्या चुकीमुळे काही तास जागतिक वेळेच्या दुरुस्तीचा आकडा १३ मायक्रोसेकंदांनी चुकीचा प्रसारित झाला होता. भूलसंकेत पाठवून रिसीव्हरला फसवणे किंवा स्वस्त जॅमरने त्याला बहिरे करणे, हे धोके तर आहेतच. दोन प्रणाली एकमेकींशी ताडून पाहणारा आणि वेळेत अचानक उडी दिसल्यास ती न स्वीकारता अलार्म देणारा रिसीव्हर मागवावा. नाविकचा पर्याय मागावा. २९ मे २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात स्वदेशी रुबिडियम घड्याळ आहे आणि तो एल-१ पट्ट्यातही संकेत देतो. मात्र नाविकच्या पहिल्या, आयआरएनएसएस-१ए उपग्रहातील तिन्ही आयात घड्याळे बंद पडली होती, हे लक्षात घेता सध्या नाविकला एकमेव स्रोत न करता साक्षीदार म्हणून वापरणे मला योग्य वाटते.

घड्याळापासून रिलेपर्यंत

वेळ पोचवण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत आणि एकाच उपकेंद्रात तिन्ही नांदू शकतात.

पहिला मार्ग आयरिग-बी. यात घड्याळ दर सेकंदाला १०० स्पंदांची एक चौकट वेगळ्या तारेवरून पाठवते. १ किलोहर्ट्झ वाहक-तरंगावर चढवलेल्या प्रकाराऐवजी थेट पातळी बदलणारा, विनावाहक प्रकार घ्यावा. त्यातून मायक्रोसेकंदाच्या पातळीची अचूकता मिळते. एका आउटपुटवर किती रिले लावता येतील, हे प्रत्येक रिले किती मिलिअँपिअर खेचतो यावरून आधी मोजावे, कारण भार वाढला की स्पंदाची उंची घटते आणि शेवटचा रिले कधी वेळ धरतो, कधी सोडतो. कोॲक्सियल केबलच्या कवचाचे अर्थिंग एकाच टोकाला करावे. यार्डातील किऑस्कपर्यंत (उपकरणांच्या छोट्या खोलीपर्यंत) तांब्याची तार नेण्याचा मोह टाळावा. दोषाच्या वेळी दोन ठिकाणच्या जमिनीच्या विभवांत मोठा फरक पडतो, म्हणून तेथे ऑप्टिकल फायबरच हवी.

आयरिग-बीची एक खोड सांगायला हवी. त्याच्या मूळ संकेतात वर्ष नसते, फक्त वर्षातील कितवा दिवस हे असते. वर्ष नंतरच्या विस्तारात आले. घड्याळ विस्तार पाठवत नसेल किंवा रिलेत तो वाचण्याचे सेटिंग बंद असेल, तर रिले स्वतःच्या बॅटरीवर जपलेले वर्ष वापरतो. बॅटरी संपून वर्ष चुकले आणि चालू वर्ष लीप असले, तर २८ फेब्रुवारीपर्यंत तारीख बरोबर दिसते आणि त्यानंतर एका दिवसाने घसरते. हा दोष शोधायला माणसे आठवडे घालवतात.

दुसरा मार्ग एनटीपी, म्हणजे संगणक-जाळ्यावरून सर्व्हरला वेळ विचारून घेण्याची पद्धत, किंवा त्याचे साधे रूप असलेला एसएनटीपी. गेटवे, उपकेंद्राची स्थिती पडद्यावर दाखवणारे एचएमआय संगणक आणि केवळ घटनाक्रम नोंदवणारी उपकरणे यांना तो पुरतो, कारण चांगल्या स्थानिक जाळ्यात त्याची अचूकता मिलिसेकंदाच्या आसपास राहते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत संगणक-यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, जोडण्यास सांगितले आहे. कार्यालयीन जाळ्यासाठी ते पाळावे. मात्र त्या निमित्ताने उपकेंद्राच्या नियंत्रण-जाळ्याला इंटरनेटचे दार उघडू नये. तेथे स्वतःचे घड्याळच सर्व्हर म्हणून चालवावे.

तिसरा मार्ग पीटीपी, म्हणजे आयईईई १५८८. नव्या उपकेंद्रांची दिशा तीच आहे, कारण वेगळी तार न टाकता इथरनेटवरूनच मायक्रोसेकंदाखालची वेळ मिळते. ती मिळण्यासाठी वाटेतील प्रत्येक स्विच पीटीपी जाणणारा असणे अनिवार्य आहे. याचे कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १०० मेगाबिट वेगाच्या पोर्टवरून पूर्ण लांबीची एक चौकट बाहेर पडायला सुमारे १२० मायक्रोसेकंद लागतात. वेळेचा संदेश अशा एका चौकटीमागे रांगेत अडकला, तर तो तेवढा उशिरा पोचतो, पुढच्या खेपेला अडकत नाही आणि वेळेवर पोचतो. साधा स्विच हा विलंब कोणालाही सांगत नाही. पीटीपी जाणणारा स्विच, ज्याला ट्रान्स्परंट क्लॉक म्हणतात, संदेश आपल्याकडे किती वेळ थांबला हे मोजून त्याच्या दुरुस्ती-रकान्यात लिहितो, आणि शेवटचा रिले तो आकडा वजा करतो.

वीज क्षेत्रासाठी २०१६ साली आयईसी/आयईईई ६१८५०-९-३ हे प्रोफाइल निघाले. त्यात ग्रँडमास्टरला २५० नॅनोसेकंद, प्रत्येक ट्रान्स्परंट क्लॉकला ५० नॅनोसेकंद आणि प्रत्येक बाउंडरी क्लॉकला (स्वतः वेळ जुळवून ती पुढे देणाऱ्या स्विचला) २०० नॅनोसेकंद एवढ्या चुकीची मुभा आहे. २५० अधिक पंधरा वेळा ५० म्हणजे बरोबर एक मायक्रोसेकंद. याचा अर्थ सर्वांत दूरच्या मर्जिंग युनिटपर्यंत पंधराहून जास्त स्विच ओलांडावे लागू नयेत. उपकरणे वर्तुळात जोडणाऱ्या एचएसआरच्या रिंगमध्ये प्रत्येक उपकरण हा एक टप्पा असतो आणि एक दुवा तुटला की वाट उलट्या बाजूने लांबते, म्हणून टप्पे मोजताना नेहमीची वाट न धरता सर्वांत लांबची वाट धरावी. आराखड्याच्या बैठकीत हा मुद्दा काढला की कोणीतरी "पण दुवा तुटेल कशाला?" असे विचारतेच.

सेटिंग करताना पुढील गोष्टी सर्व उपकरणांत एकसारख्या आहेत याची खात्री करावी. संदेश इथरनेटच्या दुसऱ्या स्तरावरून जावेत, विलंबमोजणी शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्ये व्हावी आणि संदेशांमधील अंतर एक सेकंद असावे. डोमेन क्रमांक सर्वत्र एकच हवा. आयईईई सी ३७.२३८ च्या २०१७ च्या आवृत्तीचे गृहीत डोमेन २५४ आहे, तर अनेक उपकरणे शून्य धरून येतात, आणि दोन कंपन्यांची उपकरणे एकमेकांना "दिसत नाहीत" याचे सर्वांत सामान्य कारण हेच असते. याच मानकाच्या २०११ च्या आवृत्तीत व्हीलॅन टॅग (संदेश कोणत्या उप-जाळ्याचा हे सांगणारी खूण) सक्तीचा होता, २०१७ मध्ये तो ऐच्छिक झाला. जुने आणि नवे एकत्र आले की तेथेही घोळ होतो. दोन ग्रँडमास्टर असतील, तर मुख्य घड्याळाचा अग्रक्रम-आकडा लहान ठेवावा, राखीव घड्याळाचा त्याहून मोठा ठेवावा, आणि रिलेंना ते स्वतः कधीही ग्रँडमास्टर होणार नाहीत असे सांगून ठेवावे. फायबरच्या जोडीतील दोन धाग्यांच्या लांबीत २० मीटरचा फरक असेल, तर ५० नॅनोसेकंदांची चूक होते, म्हणजे एका स्विचची संपूर्ण मुभा. ती मोजणीत दिसत नाही, कारण पीटीपी दोन्ही दिशांचा विलंब समान धरूनच चालते.

साडेपाच तास आणि सदतीस सेकंद

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर बांधलेली आहे आणि जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. पुण्याची सूर्याची सरासरी वेळ तिच्याही सुमारे ३५ मिनिटे मागे चालते, पण ग्रिडला सूर्याशी कर्तव्य नाही. त्या साडेपाचातील "साडे" मात्र त्रास देतो. काही जुनी उपकरणे फक्त पूर्ण तासांचा फरक स्वीकारतात, तेथे पाच किंवा सहा निवडून कोणीतरी पुढे जातो आणि त्या उपकरणाच्या नोंदी कायम अर्ध्या तासाने भटकत राहतात.

याहून वाईट प्रकार मी पुण्याबाहेरच्या एका उपकेंद्रात पाहिला. ट्रिपच्या नोंदी लावत असताना एका वाहिनीच्या दोन रिलेंमध्ये साडेपाच तासांचा फरक निघाला. घड्याळ आयरिग-बीवर आधीच भारतीय वेळ पाठवत होते आणि एका रिलेत पुन्हा साडेपाच तास मिळवले जात होते. परिणामी जागतिक वेळेपेक्षा अकरा तास पुढे गेलेली ती नोंद दुसऱ्याच दिवसाची वाटून बाजूला ठेवली गेली होती, आणि मिळत नसलेल्या नोंदीची शोधाशोध तिघांनी दोन दिवस केली. तेव्हापासून माझा नियम असा आहे की जाळ्यावर सर्वत्र जागतिक वेळच वाहील, आयईसी ६१८५० या उपकेंद्रातील संवादाच्या मानकाचे शिक्केही जागतिक वेळेतच असतात, आणि साडेपाच तास फक्त पडद्यावर दाखवताना मिळवले जातील. पीटीपीमधून स्थानिक वेळेचा फरक पाठवायचा असेल, तर तो सेकंदांत, म्हणजे १९,८०० असा द्यावा लागतो.

पीटीपीची स्वतःची वेळ आंतरराष्ट्रीय आण्विक वेळ असते, आणि १ जानेवारी २०१७ पासून ती जागतिक वेळेच्या ३७ सेकंद पुढे आहे. जीपीएसची वेळ १८ सेकंद पुढे आहे. म्हणून एखादे उपकरण बरोबर ३७, १८ किंवा १९ सेकंदांनी चुकत असेल, तर केबल तपासत बसू नये. ते कोणत्या दोन वेळांची गल्लत करत आहे हे त्या आकड्यावरूनच कळते. चूक १,०२४ आठवड्यांची, म्हणजे जवळपास वीस वर्षांची असेल, तर जुन्या रिसीव्हरचा आठवडा-मोजक उलटून गेला आहे असे समजावे. जीपीएसमध्ये हे अलीकडे ६ एप्रिल २०१९ रोजी घडले.

उपग्रह दिसेनासे झाल्यावर

अँटेना निकामी झाल्यावर घड्याळ आतील स्फटिकावर चालत राहते. साध्या स्फटिकात दशलक्षात एक भाग चूक असली, तर तो दर सेकंदाला एक मायक्रोसेकंद आणि तासाला ३.६ मिलिसेकंद घसरतो, म्हणजे आपली मुभा पहिल्याच सेकंदात संपते. तापमान राखलेला चांगला स्फटिक अब्जात एक भाग चुकत असेल, तर तासाला ३.६ मायक्रोसेकंद जातात. चोवीस तास एका मायक्रोसेकंदात राहायचे असेल, तर चूक एक लाख कोटीत सुमारे बारा भाग एवढीच चालते आणि ते रुबिडियमचे काम आहे. सुटीच्या दिवशी दुरुस्तीचे पथक पुण्याहून निघून पोचायला किती तास लागतात, यावरून स्फटिकाचा दर्जा ठरवावा. रुबिडियमची किंमत प्रत्येक उपकेंद्राला परवडणारी नाही, आणि जेथे पीएमयू किंवा प्रोसेस बस नाही तेथे तिची गरजही नाही.

पडताळणी

येथे घाई करू नये. पहिली चाचणी ऑसिलोस्कोपची: ग्रँडमास्टरचे दर सेकंदाला येणारे स्पंद आणि स्वतंत्र अँटेनावर चालणाऱ्या वहनीय संदर्भ-घड्याळाचे स्पंद दोन चॅनेलांवर घेऊन त्यांतील फरक किमान काही तास नोंदवावा. त्यानंतर तेच संदर्भ-घड्याळ उचलून सर्वांत दूरच्या बे-किऑस्कमध्ये न्यावे आणि मर्जिंग युनिटच्या स्पंद-आउटपुटशी तुलना करावी. अहवालात पहिला आकडा लिहून दुसरा गाळणे ही सर्रास चालणारी चूक आहे, कारण यार्डात उपकरण घेऊन जाण्याचा कंटाळा सर्वांनाच असतो. पण रिलेला मिळणारी वेळ तो दुसरा आकडाच सांगतो. मोजणी जाळ्यावर पूर्ण भार असताना, म्हणजे सर्व मर्जिंग युनिटे नमुने पाठवत असताना करावी.

घटनाक्रमाची चाचणी स्वस्तात होते. एकच कोरडा (स्वतःचा विद्युतदाब नसलेला) संपर्क दोन-तीन रिलेंच्या बायनरी इनपुटला समांतर जोडून तो बंद करावा आणि नोंदींतील वेळा पाहाव्यात. फरक काही मिलिसेकंदांचा आला, तर घड्याळाला दोष देण्याआधी इनपुटचे डिबाउन्स सेटिंग, म्हणजे संपर्काची थरथर थांबेपर्यंत वाट पाहण्याची मुदत, तपासावे. एकात २ आणि दुसऱ्यात १० मिलिसेकंद ठेवले असल्यास आठ मिलिसेकंदांचा फरक दिसणारच.

मग बिघाड मुद्दाम घडवावेत, अर्थात रीतसर परवानगी घेऊन आणि संबंधित संरक्षण सेवेबाहेर असताना. मुख्य घड्याळाची अँटेना काढावी आणि अलार्म नियंत्रण केंद्रापर्यंत पोचतो का, हे दूरध्वनीवरून विचारून खात्री करावी. मुख्य घड्याळाचा पुरवठा बंद करून राखीव घड्याळ किती सेकंदांत सूत्रे घेते आणि त्या क्षणी वेळेत किती उडी बसते, ते मोजावे. नमुन्यांसोबत येणारा समकालिकतेचा दर्जा जागतिक वेळ असताना २, केवळ स्थानिक घड्याळ असताना १ आणि काहीच नसताना ० दाखवतो. तो बदलल्यावर डिफरेन्शियल रिले स्वतःला रोखतो की चालू ठेवतो, हे सेटिंगच्या कागदाशी ताडून पाहावे. शेवटी अँटेना परत लावावी. घड्याळ एकदम उडी मारून जागेवर येते की हळूहळू सरकत येते, हे शक्यतो रात्रभर नोंदत राहून पाहावे, कारण परत येतानाची उडी जातानाच्या घसरणीपेक्षा जास्त ट्रिप घडवू शकते.

या सर्व मोजण्या पहिल्या दिवसाची संदर्भ-नोंद म्हणून जपाव्यात आणि वर्षातून एकदा, दूरच्या किऑस्कसह, पुन्हा घ्याव्यात. त्यासाठी मे महिना निवडावा. त्याच फेरीत गच्चीवर जाऊन अँटेनाचा कनेक्टर उघडावा, आत हिरवट गंज आहे का पाहावे, स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप नव्याने गुंडाळावी आणि केबलला खाली एक वळसा ठेवावा, म्हणजे जूनमध्ये पाणी केबलवरून ओघळत कनेक्टरमध्ये न जाता त्या वळशावरूनच गळून पडेल.